दुखणं तालात बसवताना

दीर्घ आजारावर गाणं करायचं म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरलेला साचा येतो. पहिल्या कडव्यात आजार कळला, दुसऱ्यात रडलो, तिसऱ्यात लढलो, शेवटच्यात सूर्य उगवला. मला आमवात आहे. सूर्य माझ्याकडेही रोज उगवतो, अडचण तिथूनच सुरू होते. सकाळी तास-दीड तास बोटं वळत नाहीत.

मधुमेह, दमा, मायग्रेन, किडनीचं दुखणं, थायरॉइड, कंपवात यांना शेवटचं कडवं नसतं. त्यांना फेरा असतो. गोळीची वेळ फिरून येते, रक्ततपासणी फिरून येते, बरा दिवस येतो आणि त्याच्यामागून वाईट दिवस येतो. गोष्ट सांगणारं गाणं या फेऱ्याला पुरत नाही, कारण गोष्टीला शेवट लागतो. आपल्या संगीतात मात्र फिरून येण्याचीच सोय आहे. तालाला आवर्तन असतं, अभंगाला ध्रुपद (दर कडव्यानंतर फिरून येणारी ओळ) असतं, जात्यावरच्या ओवीला तर अख्खं जातंच असतं. म्हणून माझा आग्रह असा की आधी आजाराचा फेरा पकडा. भावना त्यात आपोआप येतात, त्यांना आमंत्रण द्यावं लागत नाही.

हे लिहितेय ते ज्यांनी कधी गाणं रचलेलं नाही त्यांच्यासाठी. भजनी मंडळात मागे बसून टाळ धरण्याइतका सुराशी संबंध असला तरी चालेल. साहित्य म्हणून मोबाइल, त्यात तानपुऱ्याचं आणि तबल्याच्या ठेक्याचं एखादं फुकटातलं अॅप, आणि इअरफोन. पेटी घरात असेल तर उत्तम, नसेल तर विकत घेऊ नका. बोटं दुखणाऱ्या माणसानं भाता ओढायला शिकण्यापेक्षा आवाजावर काम करावं, असं माझं मत आहे.

आणि एक आधीच सांगून टाकते. गाण्यानं ईएसआर (रक्ततपासणीतला सुजेचा आकडा) उतरत नाही, साखर उतरत नाही. औषधं आहेत तशी चालू ठेवायची.

पहिली पायरी: अख्खा आजार नको, एकच गोष्ट

"माझा आमवात" हा गाण्याचा विषय होऊ शकत नाही, तो फार मोठा आहे. "लोणच्याच्या बरणीचं झाकण" हा होऊ शकतो. आठवडाभर मोबाइलवर स्वतःच्या आवाजात नोंदी करा. लिहायला बसू नका, बोला. एक नोंद म्हणजे एक-दोन वाक्यं: किती वाजले, कुठे होतो, हातात काय होतं, अंगात काय झालं. ब्लाउजचे हूक लागेनात. एसटीची पायरी उंच वाटली. रक्त काढणाऱ्या मुलीनं नेहमीप्रमाणे "कापूस दाबून धरा" म्हटलं आणि दाबायला अंगठ्यात जोर नव्हता. शेजारच्या काकूंनी एरंडेल तेल सुचवलं. हे सगळं कच्चा माल आहे, काकूंसकट.

"खूप त्रास झाला" अशी नोंद आली तर ती पुसू नका, पण तिच्यावर थांबूही नका. त्रास कसला ते बोला. यासाठी आपल्याकडे शब्दांची ददात नाही, आणि त्यातले बरेच शब्द कानाला आधीच चाल सुचवतात. ठसठस म्हणजे सारख्या अंतरानं पडणारे ठोके, तो सरळ ठेका आहे. चमक म्हणजे एकच तुटक स्वर, वरच्या पट्टीतला, लगेच संपणारा. कळ खालून चढत जाते, वर थोडी थांबते आणि सावकाश उतरते. ती मींडेनं, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत, गायची. मुंग्या म्हणजे एकाच स्वरावर बारीक कंप. डोक्यात घण पडतात ते खर्जात, म्हणजे अगदी खालच्या स्वरात, सावकाश. आखडणं हे तर स्वरच न सुटणं: ओळ सुरू व्हायच्या जागी ती उशिरा सुरू करायची. नोंद करताना शब्दाबरोबर तोंडानं तो आवाजही काढून ठेवा. कितीही हास्यास्पद वाटलं तरी ठेवा, पुढे तोच कामाला येतो.

आठवड्याच्या शेवटी सगळ्या नोंदी ऐका आणि एक निवडा. सगळ्यात दुःखाची निवडू नका. जिच्यात एखादी वस्तू ठळक आहे ती निवडा.

दुसरी पायरी: फेरा मोजा, मग ताल ठरवा

इथे जरा जास्त वेळ थांबू, कारण बहुतेक जण ही पायरी गाळून थेट शब्दांकडे धावतात.

आपल्या आजाराचा सगळ्यात ठाम फेरा कोणता, हे शोधा. आमवातात बऱ्याच जणांना मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. (एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून घरात गोळीचा वार सगळ्यांना पाठ असतो.) म्हणजे फेरा सात दिवसांचा. सात मात्रांचा आपला प्रचलित ताल म्हणजे रूपक. ती ती ना, धी ना, धी ना. तीन-दोन-दोन असे भाग. रूपकाची खासियत ही की त्याची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ‘खाली’च्या म्हणजे टाळी नसलेल्या जागी येते. इतर तालांत समेला टाळी पडते, वजन पडतं. रूपकात समेला हात नुसता हवेत फिरतो. ज्या वारावर सगळा आठवडा टांगलेला आहे त्या वाराची जागा रिकामी! मला तरी याहून नेमकं काही सुचलं नसतं.

तुमचा फेरा वेगळा असेल. डायलिसिस बहुतेकांचं आठवड्यातून दोन-तीनदा, चार-चार तास चालतं. त्यांच्यासाठी मशीनवरचा दिवस आणि मधला दिवस अशी आलटापालट हाच साचा: एक ओळ ठाय (संथ), एक ओळ दुगुन (दुप्पट वेगात). रोजच्या इन्सुलिनसारखा साधा, न चुकणारा फेरा असेल तर आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका पुरेसा आहे, त्याला उगाच अवघड करू नका. दम्याला सहा मात्रांचा दादरा चांगला, कारण त्याचे तीन-तीनचे दोन भाग श्वास आत, श्वास बाहेर असे विभागता येतात. मायग्रेनचं मात्र वेळापत्रक नसतं. तो चार तासांत सोडेल किंवा तीन दिवस मुक्काम ठोकेल. त्याला तालात कोंबण्यापेक्षा आलापासारखं मोकळं, तालाशिवाय गा, आणि ठणका सुरू झाला की मगच ठेका आत आणा.

लयही मोजायची, अंदाजानं ठरवायची नाही. सकाळी पलंगापासून मोरीपर्यंत ज्या गतीनं चालता ती तुमची लय. चालताना तोंडानं "एक, दोन" म्हणत मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, मग ठेक्याच्या अॅपमध्ये वेग कमी-जास्त करून त्याच्याशी जुळवा. मिनिटाला साठ म्हणजे सेकंदाला एक मात्रा. वाईट सकाळी त्याच्याही खाली जाल, चाळीस-पंचेचाळीसवर. इतकी विलंबित लय नवख्याला धरवत नाही, मग मधे मनातल्या मनात एकेक ठोका जास्तीचा मोजायचा.

कंपवात असलेल्यांसाठी एक जोड माहिती. विश्रांतीत हात थरथरतो त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला चार ते सहा असतो. ती लय म्हणून वापरू नका, फार जलद पडते. स्वरावरचा कंप म्हणून वापरा. ठाम ठेक्यावर पाऊल टाकलं तर चालणं सोपं जातं असा अनेकांचा अनुभव आहे आणि फिजिओथेरपीत त्याचा उपयोगही करतात, तेव्हा गाण्याचा ठेका चालताना ऐकायला हरकत नाही.

टाळी देताना हात दुखत असतील तर मांडीवर तळवा टेकवा. तेही नको असेल तर बोल नुसते तोंडानं म्हणा. तबलजीसुद्धा आधी बोल म्हणूनच शिकतात.

तिसरी पायरी: शब्द

नवशिक्याच्या वहीत हमखास सापडणारी ओळ अशी असते: "वेदनेच्या सागरात जीवन माझे बुडाले." अक्षरं बरोबर आठ-आठ, चूक काही नाही. फक्त ती कुणाचीही ओळ आहे. मूळव्याधीपासून प्रेमभंगापर्यंत कुठेही चालेल.

साचा म्हणून मोठा अभंग घ्या. चार चरण, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. माझ्या बरणीच्या नोंदीतून हे आलं:

उजाडले तरी । मूठ ही मिटेना ।
झाकण सुटेना । बरणीचे ॥

बुधवारी रात्री । पिवळी ती गोळी ।
गुरुवारी पोळी । नको होते ॥

यात वेदना हा शब्द नाही, रडणं नाही. ज्याला ती गोळी माहीत आहे तो "गुरुवारी पोळी" ऐकताच हसतो, कारण दुसऱ्या दिवशीची मळमळ त्यानं भोगलेली असते. ज्याला माहीत नाही त्यालाही बरणी कळतेच.

आता हे रूपकात कसं बसतं ते बघा. चरणात अक्षरं सहा, आवर्तनात मात्रा सात. एक मात्रा उरते. ती समेला ठेवायची, म्हणजे समेवर गप्प राहायचं आणि दुसऱ्या मात्रेपासून उचलायचं:

(–) उ जा | ड ले | त री
(–) मू ठ | ही मि | टे ना
(–) झा क | ण सु | टे ना
(–) ब र | णी चे | – –

प्रत्येक ओळ आखडून उशिरा सुरू होते आणि शेवटची ओळ तर दोन मात्रा आधीच सोडून देते. सकाळी माझ्या हाताचं नेमकं हेच होतं. हे शब्दांत कुठेही सांगावं लागलं नाही. सुरुवातीला तोंड समेवरच उघडेल, सवय तीच असते. तबल्याचं अॅप लावून समेला हात हवेत फिरवा आणि ओठ मिटून ठेवा, दोन-चार दिवसांत बसतं.

छोटा अभंग आणखी सोपा, आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. दम्याच्या माणसासाठी नमुना म्हणून:

छातीमध्ये वाजे शिटी ।
पंप कुठे? शोधा पेटी ॥

दहा सेकंदांचा प्रसंग, दोन ओळी, आणि घरातली धावपळ आत आली.

दोन्ही साचे जड वाटले तर जात्यावरच्या ओवीकडे या. तिथे अक्षरांचा काटा नसतो, जात्याच्या ओढीनं ओळ लांबते-आखडते. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या पुष्कळ ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर मूळ आवाजांत ऐकायला मिळतात. दोन-चार दुपारी नुसत्या ऐकण्यात घालवा. त्यातून उचलण्यासारखी एक गोष्ट आहे: ओवी कुणाला तरी उद्देशून असते. आईला, भावाला, विठ्ठलाला, कधी जात्यालाच देव म्हणून. तुम्हीही कुणाला तरी हाक मारा. गुडघ्याला मारा, गोळ्यांच्या पाकिटाला मारा, काठीला मारा. "मला असं होतं" म्हणत राहिलं की चार ओळींत कुंथणं सुरू होतं. समोर कुणीतरी आहे म्हटलं की भांडता येतं, चेष्टा करता येते, लाडीगोडी लावता येते. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी आपल्या ग्लुकोमीटरला "सासूबाई" केलं आहे. रोज सकाळी बोट टोचून हिशेब मागते म्हणून. त्यांची ओवी मंडळात सगळ्यात जास्त मागितली जाते.

ध्रुपदासाठी अशी ओळ घ्या जी दर फेऱ्यानंतर परत येऊनही खोटी वाटणार नाही. "मी हरणार नाही" हे चौथ्यांदा म्हणताना स्वतःलाच पटत नाही. "झाकण सुटेना बरणीचे" चाळीस वेळा म्हटलं तरी खरंच राहतं.

दम किती, तेवढीच ओळ

दीर्घ आजाराचा आणि गाण्याचा विषय निघाला की मला कुमार गंधर्वांचं उदाहरण टाळता येत नाही. मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे शिकलेला, लहानपणापासून मैफली गाजवलेला हा गायक क्षयानं आजारी पडला आणि १९४८च्या सुमारास माळव्यात देवासला राहायला गेला. डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. काही वर्षं अंथरुणावर गेली. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नव्यानं मिळू लागलं होतं, त्यानं ते वाचले, पण एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. १९५३मध्ये ते पुन्हा मैफलीत आले तेव्हा गाणं वेगळं होतं. लांबलचक दमसासाच्या जागी छोटी, ठाशीव, मधेच तोडलेली स्वरवाक्यं, आणि दोन वाक्यांमधली शांतताही गाण्यात धरलेली. अंथरुणावर असताना खिडकीतून कानावर पडलेल्या माळव्याच्या लोकगीतांतून पुढे त्यांचे धुनउगम राग उभे राहिले.

क्षयावर त्यांनी गाणं केलं असं नव्हे. पण उरलेल्या श्वासाच्या मापानं त्यांनी गाणं नव्यानं बांधलं, आणि ऐकणाऱ्याला तो श्वास ऐकू येतो. शब्द न वापरताही आजार व्यक्त होतो तो असा.

आपण त्यांच्या पासंगालाही पुरत नाही, पण रीत उचलता येते. वाईट दिवशी, बऱ्या दिवशी नव्हे, एका श्वासात "आ" धरून ठेक्याच्या किती मात्रा जातात ते मोजा. पाच गेल्या तर पाच. त्या मात्रांपेक्षा लांब चरण लिहायचा नाही. माझ्या रूपकात सहा अक्षरांनंतरची रिकामी सम ही श्वास घ्यायची जागाही आहेच. कपडे शिवताना अंग सुजलेलं असतानाचं माप द्यावं, तसं गाणं वाईट दिवसाच्या मापानं शिवा. बऱ्या दिवशी ते सैल होईल, काही बिघडत नाही. उलटं केलंत तर ज्या दिवशी गाण्याची खरी गरज आहे त्याच दिवशी ते गाता येणार नाही.

चौथी पायरी: सूर

चाल कुठून आणायची, हा सगळ्यांचा प्रश्न. तुमच्या बोलण्यातून आणा. ओळ चार वेळा नुसती बोला, कुणाला तरी तक्रार करताना बोलतो तशी, आणि मुद्रण ऐका. "सुटेना"चा "टे" वर चढतो का? "बरणीचे" खाली पडतं का? आवाज चढतो तिथे स्वर चढवा, उतरतो तिथे उतरवा. पाच स्वरांत काम भागतं. तानपुरा स्वतःच्या आरामाच्या पट्टीत लावा: बहुतेक बायकांना काळी चार-पाच, पुरुषांना काळी एक-दोन जमते. अशक्तपणा असेल तर अर्धा स्वर खाली या, लाज कसली.

"दुःखाचा राग कोणता?" असं कुणी विचारलं की मी जरा चिडतेच. दुःखाचा म्हणून कोमल स्वरांचा ढीग घालायची घाई करू नका. आमवाताची सकाळ दुःखी नसते, चिडकी असते, कंटाळवाणी असते, कधी कधी विनोदी असते. अस्वस्थपणा हवा असेल तर मारव्याकडे बघा. त्यात पंचम (प) वर्ज्य आहे आणि षड्जावरही (सा) फार टेकायचं नसतं. घरी पोचतोय पोचतोय म्हणताना बाहेरच फिरत राहावं लागतं, ते त्या रागात आहे. नवख्याला शुद्ध मारवा जमणार नाही, पण "सावर थांबायचं नाही" एवढा एक नियम घेतला तरी ओळ बदलते.

आणि हलकं वाटण्याचे दिवस? ते गाण्यात यायलाच हवेत, नाहीतर चित्र खोटं पडतं. जर्मन संगीतकार बेथोवेन १८२५ साली पोटाच्या गंभीर दुखण्यातून उठला आणि त्यानं चार तंतुवाद्यांसाठीच्या एका चौकडी-वाद्यरचनेत, ए मायनरमधल्या १३२ क्रमांकाच्या कृतीत, बरं झालेल्या माणसानं देवाचे आभार मानावेत असा एक भाग लिहिला. तो लिडियन स्वरसमूहात आहे, म्हणजे आपल्या कल्याण थाटाचेच स्वर, तीव्र मध्यमासह. यमन ऐकलेल्या कानाला तो परका वाटत नाही. रचना बघण्यासारखी आहे: संथ प्रार्थना, मग "नवी शक्ती जाणवतेय" असं वर लिहिलेला उत्साही तुकडा, पुन्हा प्रार्थना, पुन्हा शक्ती, पुन्हा प्रार्थना. शक्ती दोनदा येते आणि दोन्ही वेळा तिच्यामागून ती संथ प्रार्थना परतते. ज्याला चढ-उताराचा आजार आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या गाण्यात दोन कडवी संथ आणि मधे एक दुगुनीत, एवढं करून बघा.

दुसरं एक तंत्र चेक संगीतकार स्मेटानाकडून घेता येतं. १८७४ साली त्याला ठार बहिरेपण आलं, त्याआधी कानात सतत शिटी वाजायची. १८७६च्या आपल्या आत्मचरित्रात्मक चौकडीच्या शेवटच्या भागात, चांगलं नाचरं संगीत चाललेलं असताना, पहिलं व्हायोलिन अचानक एक उंच स्वर लांबलचक धरतं. तीच ती शिटी. सगळा आनंद तिथे चिरतो. हे घरी करणं अगदी सोपं आहे. गाणं नेहमीच्या चालीत म्हणा आणि एका ठरावीक जागी पेटीवर किंवा अॅपवर तार षड्ज (वरचा सा) धरून ठेवा, दोन आवर्तनं, सोडू नका. कानात आवाज येणाऱ्यांनी करावंच, पण न दिसणाऱ्या कुठल्याही त्रासाला ते चालतं: बाहेरून सगळं ठीक, आणि वर एक स्वर जो फक्त तुम्हाला ऐकू येतो. थायरॉइडमुळे किंवा औषधांमुळे शब्द विसरायला होतात त्यांनी उलट करावं. जिथे शब्द आठवला नाही तिथे तो शोधून बसवू नये, एक आवर्तन नुसता ठेका जाऊ द्यावा.

बसणं, घसा, वेळ

एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुरे. उत्साहात तासभर बसलात तर त्याची वसुली दुसऱ्या दिवशी होते, हे दीर्घ आजाऱ्याला मी काय सांगायचं. खुर्चीत पाठ टेकून गायलात तरी चालतं. पलंगावर पडून फक्त ठेका ऐकत ओळ पुटपुटलात तरी तो रियाजच.

स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी पंपानंतर चूळ भरून, गुळण्या करून थुंकायचं. घसा बसणं आणि तोंडातली बुरशी त्यानं बरीच टळते. मेथोट्रेक्सेटनं तोंड आलं असेल तर त्या आठवड्यात गायचं नाही, ठेक्यावर बोल म्हणायचे, आणि डॉक्टरांना सांगायचं. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर "गाऊन गाऊन झालं असेल" म्हणून सोडून देऊ नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

नोंदी ऐकता ऐकता कधी मन फार खाली गेलं, जगूच नये असं वाटायला लागलं, तर वही मिटा आणि माणसाशी बोला. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

मुद्रण

पंखा बंद, फ्रिजपासून लांब, शक्यतो गाद्या-रजया ठेवलेल्या खोलीत. तानपुरा आणि ठेका इअरफोनमध्ये ऐका म्हणजे मोबाइलच्या माइकमध्ये फक्त तुमचा आवाज जाईल. मोबाइल हातात धरू नका, पुस्तकांना टेकवून तोंडापासून वीतभर लांब, किंचित बाजूला ठेवा. आवाज आणि ठेका नंतर एकत्र करायला संगणकावर ऑडॅसिटी, मोबाइलवर बँडलॅब, दोन्ही फुकट. प्रतिध्वनीचं बटण दिसलं की हात शिवशिवतील, पण दुखण्याच्या गाण्याला देवळातला घुमारा देऊ नका, बरणीची गंमत जाते.

खोकला, धाप, मधेच टेकलेला दम हे कापून टाकायची घाई करू नका. दम्याच्या गाण्यात शिटी ऐकू आली तर ती गाण्यातच आहे.

ऐकवायचं कुणाला

पहिला श्रोता घरचा नको. घरची माणसं एकतर डोळ्यांत पाणी आणतात किंवा "एवढं काय त्यात" म्हणतात, आणि दोन्हीनं गाणं थांबतं. तोच आजार असलेलं एखादं माणूस शोधा. दवाखान्याच्या बाकावर तासन्‌तास बसताना अशी ओळख होतेच. "कसं वाटलं?" विचारलंत की "छान" एवढंच मिळेल. "कुठली ओळ ओळखीची वाटली?" असं विचारा. जी ओळ कुणालाच ओळखीची वाटली नाही ती बहुधा पुस्तकातून आलेली असते, काढा.

गाण्यात नवरा, सून, डॉक्टर येणारच. नावं घेऊ नका, आणि ज्यांना सहज ओळखता येईल त्यांना इंटरनेटवर टाकण्याआधी ऐकवा. तुमचं निदान आणि औषधं जगाला कळावीत का, हेही तेव्हाच ठरवा. नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींनी तर नक्कीच. कोजागिरीला गच्चीवर दहा माणसांत म्हटलेलं गाणंही पूर्ण गाणंच असतं.

मंडळात म्हणणार असाल तर तबलजींना आधी सांगा की समेवर मी गप्प आहे. नाहीतर तुम्ही चुकलात असं समजून ते तुम्हाला सावरून घ्यायला जातात आणि सगळी बांधणी कोसळते.

औषध बदललं की कडवं बदलतं. माझा गोळीचा वार बुधवारचा शनिवार झाला तेव्हा "शनिवारी रात्री, रविवारी पोळी" सहज बसलं, अक्षरं तेवढीच. म्हणून ठेक्याची फाइल आवाजापासून वेगळी जपून ठेवा, तिच्या नावात लय आणि पट्टी लिहा, आणि आवाजाच्या प्रत्येक मुद्रणाच्या नावात तारखेबरोबर त्या दिवशी कुठलं औषध चालू होतं तेही टाका.